नळीवर न लावायची टाकी

व्हर्नाला भीती वाटायला फारसं काही लागत नसे. गॅसचा हीटर पेटवताना ती मान वळवून, हात लांब करून काडी पुढे करायची. टोस्टरचं बटण खाली गेलं की ओट्यापासून मागे सरायची. समुद्र खवळलेला असला, तर बोटीतल्या परक्या माणसांसाठीसुद्धा ती धक्क्यावर वाट बघत उभी राहायची. समुद्रकाठच्या त्या ब्लफ गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेची बस मात्र ती कित्येक वर्षं चालवत आली होती आणि त्या बसला कधी साधा ओरखडाही गेला नव्हता. बाई इतकी घाबरते म्हणूनच पोरं सुखरूप घरी पोचतात, असं लोक म्हणायचे. ते फार खोटंही नसावं.

त्या शुक्रवारी शेवटचं पोर उतरवून तिने बस बंदराजवळच्या मोकळ्या जागेत लावली, पिशवीतून छोटा वेप, म्हणजे बॅटरीवरची वाफेची सिगारेट, काढला आणि एक झुरका घेतला. घशात जळक्या कापडाची चव उतरली. तिने लगेच वेप तोंडातून काढला आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

तिच्या वेपमध्ये तयार कॉइल बसायची. बोटाच्या पेराएवढी धातूची कुपी, आत तारेचं वेटोळं, त्यात ओवलेला कापूस. तार तापली की कापसातलं लिक्विड उकळतं आणि वाफ होते. कापूस जळला की ती कुपी फेकायची आणि नवी घालायची. पण आता नवी नव्हती. ती बनवणाऱ्यांनी बनवणंच थांबवलं होतं, आणि जवळच्या इन्व्हरकार्गिल शहरातल्या दुकानातलं शेवटचं पाकीट तिने केव्हाच संपवलं होतं. ही शेवटची कुपी, आणि ती जळायला लागली होती.

दुसऱ्या कोणाला यात घाबरण्यासारखं काही दिसलं नसतं. पण व्हर्नाला कोपऱ्यावरचं दुकान दिसत होतं. त्या दुकानात गल्ल्याच्या मागे बंद कपाट होतं आणि कपाटात सिगारेटी. मागच्याच आठवड्यात ती तिथे शिरली होती आणि दुधाची बाटली घेऊन बाहेर आली होती. घरी दूध होतं. आपण आत कशाला गेलो, हे तिला गाडीत बसल्यावर कळलं.

तिची बहीण ग्लेनिस फुप्फुसाच्या आजाराने गेली. दोघी बहिणी शाळेत असल्यापासून लोकर गोदामाच्या मागे लपून एकच सिगारेट आलटूनपालटून ओढायच्या. शेवटी दवाखान्यात ग्लेनिसला बोलायला दम पुरत नव्हता, तेव्हा तिने हात पुढे करून व्हर्नाच्या पर्समधलं पाकीट काढून घेतलं आणि आपल्या उशीखाली ठेवलं. व्हर्नाने त्यानंतर सिगारेट ओढली नाही. आपण फार धीराच्या आहोत असं तिला कधीच वाटलं नाही. आपल्या आणि त्या कपाटाच्या मध्ये एवढीशी वाफ आहे, ती गेली की आपण संपलो, एवढंच तिला पक्कं माहीत होतं.

तिने सेल्विनला फोन केला. सेल्विन म्हणजे ग्लेनिसचा नवरा.

"जळली ना?" तो म्हणाला. "तुला मी केव्हाचा सांगतोय, तयार कॉइलच्या नादी लागू नकोस. स्वतः तार वळायची, स्वतः कापूस भरायचा. कोणाच्या बापाची मिंधेगिरी नको."

"मला जमेल का रे ते?"

"अगं, लोकरीचे मोजे विणतेस, तार वळायला काय होतंय? उद्या होहेपाच्या दुकानात जा आणि एक अॅटमायझर घेऊन ये. तो वरचा, वाफ करणारा भाग, तार बदलता येते तसला. नळी मी दिलीच आहे की तुला."

नळी त्याने ग्लेनिसच्या वाढदिवसाला दिली होती. ग्लेनिस गेल्यानंतरचा पहिला वाढदिवस. तांब्याची, जाड, घासून लखलखीत केलेली. कत्तलखान्याच्या वर्कशॉपमधल्या मित्राकडून त्याने ती लेथवर कातून आणली होती. आत एक बॅटरी, बुडाला बटण, वर अॅटमायझर फिरवून बसवायचा. बस. त्यात ना कसला पडदा ना कसला आकडा. काही चुकलं तर आपोआप बंद पडण्याची सोय नाही. बटण दाबलं की बॅटरीत असेल तेवढं सगळं थेट तारेत. व्हर्नाने ती नळी मोज्यात गुंडाळून कपाटात, हिवाळ्याच्या पांघरुणांमागे ठेवली होती. मोज्यात का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"माझ्या आहे त्या वेपच्या छोट्या बॉक्सवर नाही का चालणार?" तिने विचारलं.

"ते खेळणं? दिवा तरी लागेल का त्याच्यावर? आणि ऐक, होहेपाला नळीचं काही बोलू नकोस. नवशिक्या माणसाने नळी म्हटलं की तो काही विकतच नाही. त्या लायब्ररीतल्या बाईला हात हलवत परत पाठवलं त्याने. विचारलं तर बॉक्स आहे म्हणून सांग."

शनिवारी वारा दक्षिणेकडून येत होता आणि इन्व्हरकार्गिलच्या रस्त्यावर माणसं खांदे वर करून चालत होती. होहेपाच्या दुकानात सगळ्या फळांचा एकत्र वास भरला होता. होहेपा मोठ्या अंगाचा, दाढीवाला माणूस. तो लहान असताना त्याची आई आणि व्हर्ना एकाच ऑयस्टरच्या शेडमध्ये शिंपले फोडायला असायच्या.

"या मावशी. त्या कॉइल आल्या नाहीत हो. येणारही नाहीत आता."

"माहीत आहे रे बाळा. मी ते... स्वतः तार वळायचं घ्यायला आलेय."

होहेपाच्या भुवया वर गेल्या, पण तो हसला नाही. त्याने काचेखालून दोन नग काढले आणि रबरी चटईवर ठेवले.

पहिला बुटका, उघडा. वरचं टोपण काढलं की आत एक चौथरा, त्यावर तार आवळायचे स्क्रू. "याला टाकी नाही," होहेपा म्हणाला. "बाटलीतून थेंब टाकायचे, चार झुरके घ्यायचे, परत थेंब. चव एक नंबर. शिकायलाही सोपा, सगळं समोर दिसतं."

"बस चालवताना थेंब कुठे टाकत बसू मी?"

"बस चालवताना ओढू नयेच, मावशी."

"थांब्यावर रे."

"तरी हा नकोच तुम्हाला. सांडेल, मग घाई कराल, मग कोरडा कापूस जाळाल." त्याने दुसरा पुढे सरकवला. काचेची छोटी टाकी, मिरपुडीच्या डबीएवढी. आत एकाच तारेची जागा. "हा घ्या. एकदा भरला की बराच वेळ बघायला नको. तार एकच, साधी. चुकायला फार जागा नाही."

चुकायला फार जागा नाही, हे ऐकून व्हर्नाला इतकं बरं वाटलं की तिने ती टाकी लगेच मुठीत घेतली. होहेपाने तिला शिकवायला घेतलं. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावर तार कशी वळायची, वेढे एकमेकांना कसे चिकटवायचे, कापसाची वात बुटाच्या नाडीसारखी कशी ओवायची. वात ओढताना तार किंचित हलली पाहिजे, वाकता कामा नये. व्हर्नाची बोटं शिंपल्यांत आणि लोकरीत वाढलेली होती. दुसऱ्यांदा वळलेलं वेटोळं बघून होहेपा म्हणाला, "माझ्या पहिल्या कॉइलपेक्षा सरळ आहे की. ती डुकराच्या शेपटीसारखी होती."

व्हर्ना हसली. मग त्याने, टाकी खोक्यात भरता भरता, सहज विचारलं, "खाली काय आहे तुमच्याकडे? कशावर लावणार?"

तिचा छोटा बॉक्स पर्समध्येच होता. तो काढून दाखवायची तिला लाज वाटली. सेल्विनने त्याला खेळणं म्हटलं होतं. आणि नळीचं सांगितलं तर तो टाकी काढून घेईल, रिकाम्या हाताने परत जावं लागेल, आणि वाटेत ते कोपऱ्यावरचं दुकान. तिने पर्सची चेन ओढून घेतली.

"बॉक्स," ती म्हणाली. "मोठा. घरी आहे."

"मग हरकत नाही." त्याने टाकी उलटी केली आणि बुडाच्या मधोमध असलेल्या पितळी ठिपक्यावर बोट ठेवलं. "सगळ्यांनाच सांगतो, तुम्हालाही सांगून ठेवतो. ही मधली पिन बघा. बोट फिरवा. बाहेर आलेली लागते का?"

तिने बोट फिरवलं. पिन सपाट होती, कडेच्या आट्यांच्या बरोबरीने.

"बॉक्सवर काही फरक पडत नाही. पण नळीवर ही कधी लावायची नाही. नळीत बॅटरीचं तोंड सरळ इथे टेकतं. पिन बाहेर असेल तर ती फक्त पिनेला लागते. सपाट असेल तर कडेलाही लागते, आणि मग तारेपर्यंत जायचं कामच उरत नाही. बॅटरी स्वतःच तापते. बंद नळीत बॅटरी तापली म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगत नाही, रात्री झोप लागायची नाही."

"नाही रे, नळी कुठली," व्हर्ना म्हणाली.

परतीच्या वाटेवर तिने गाडी सबंध रस्ता इतकी हळू चालवली की मागचे ट्रक हॉर्न वाजवून पुढे जात होते. टाकी शेजारच्या सीटवर होती. ती परत करावी असं दोनदा मनात आलं. पण परत करायची म्हणजे खोटं बोलल्याचं सांगायचं, आणि मग तो दुसरं काही देईल याची काय खात्री? ब्लफच्या फाट्यावर तिने छोट्या वेपचा झुरका घेतला. पुन्हा तोच जळका घोट. कोपऱ्यावरच्या दुकानाजवळ तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तिने खिडकी खाली केली, थंड वारा तोंडावर घेतला आणि पुढे गेली.

घरी पोचल्यावर तिने सेल्विनला फोन लावला. "अरे, ती पिन..."

"उद्या येतोच आहे जेवायला," तो म्हणाला. "फोनवर कुठे पिना बघत बसू? चीज रोल कर ग्लेनिससारखे."

रविवारी तिने चीज रोल केले. ग्लेनिससारखे झाले नव्हते, पण सेल्विनने ते मुकाट्याने संपवले आणि बोटं पुसून म्हणाला, "चल, आण तुझं सामान."

टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिने तार वळली, स्क्रू आवळले, कापूस ओवला. सेल्विन चष्मा कपाळावर चढवून बघत होता. "हात चांगला आहे की तुझा," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच कौतुक होतं. क्षणभर व्हर्नालाही वाटलं, होईल सगळं ठीक. मग त्याने मोज्यातून नळी काढली.

"ही मोज्यात का?"

"धूळ बसू नये म्हणून."

तो हसला. त्याने नळीत बॅटरी सोडली. बॅटरी आत घसरत गेल्याचा आवाज आला आणि व्हर्नाने टाकी आपल्याकडे ओढली.

"सेल्विन, होहेपा म्हणाला, ही टाकी नळीवर लावायची नाही."

"मी म्हटलं होतं ना, नळीचं बोलू नकोस म्हणून?"

"बोलले नाही. तो सगळ्यांनाच सांगतो. पिन सपाट आहे. बॅटरी कडेला टेकते म्हणे."

"अगं, दुकानदार आहे तो. त्याला बॉक्स विकायचे असतात. मी इतकी वर्षं नळी वापरतोय, माझी मिशी तरी जळली का?"

"तुझ्या अॅटमायझरची पिन बाहेर असेल."

"आता तू मला शिकवणार?" तो चिडला नव्हता. त्याला मजा वाटत होती, आणि तेच वाईट होतं. "भित्री भागूबाई. ग्लेनिस म्हणायची, व्हर्नाच्या हातात टोस्टर दिला तर ती अग्निशामकवाल्यांना चहाला बोलावून मग बटण दाबेल."

ग्लेनिस असं म्हणायची खरं. आपण कशाकशाला घाबरलो आणि त्यातलं काय काय झालं नाही, याची भली मोठी रांग व्हर्नाच्या डोळ्यांपुढून गेली. हीटरचा कधी भडका उडाला नव्हता. कोणी बोट बुडाली नव्हती. मग आता आपलं कोणी का ऐकावं? पण बोटाच्या टोकाला अजून तो सपाट पितळी ठिपका जाणवत होता. ही भीती इतर भीतींसारखी नव्हती. तिला हात लावून बघता येत होतं.

"निदान बाहेर चल," ती म्हणाली. "घरात नको. माझ्यासाठी."

तो उसासा टाकून उठला.

मागच्या अंगणात वाळत घातलेले उशांचे अभ्रे वाऱ्याने फडफडत होते. सेल्विनने धुण्याच्या खोलीच्या पायरीजवळ उभं राहून टाकी नळीवर फिरवली, शेवटपर्यंत आवळली आणि खिशातून लिक्विडची बाटली काढायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून नळी पायरीवर उभी ठेवली.

बटण बुडाला होतं. बटणाला कुलूप लावायची एक चकती असते, ती फिरवायची तो विसरला होता. त्याच्या नेहमीच्या अॅटमायझरवर बटण असं दाबलं गेलं असतं तर थोडा कापूस जळला असता, एवढंच. नळी स्वतःच्या वजनाने स्वतःच्या बटणावर बसली.

काही झालं नाही. सेल्विन बाटलीचं झाकण उघडत होता. मग व्हर्नाला वास आला. गरम तव्यावर पाणी न टाकता तो तसाच ठेवल्यावर येतो तसला. टाकीच्या काचेत दूध ओतल्यासारखं काही पांढरं दिसलं, आणि किटली उकळायच्या आधी करते तसा बारीक आवाज नळीतून यायला लागला.

"अरेच्चा," सेल्विन म्हणाला, आणि उचलायला वाकला.

व्हर्नाने त्याचा स्वेटर मागून धरला आणि ओढला. आयुष्यात तिने कोणाला इतक्या जोरात ओढलं नव्हतं. तो तिच्या अंगावर कोसळला, दोघं धुण्याच्या खोलीच्या कोपऱ्यामागे चिखलात पडली, आणि मागे आवाज झाला. आवाज फार मोठा नव्हता. जाड पाट फरशीवर आपटावा तेवढा. त्यानंतर काचेचे तुकडे पत्र्यावर पडल्याचा आवाज, मग एक लांब फुसफुस, आणि शेवटी नुसती अभ्र्यांची फडफड.

बराच वेळ कोणी डोकं वर काढलं नाही.

पायरीचा एक टवका उडाला होता. नळी कुंपणापाशी पडली होती, तोंडाशी फाटलेली, अजून धूर सोडत. टाकीचा पत्ता नव्हता. वाळत घातलेल्या एका अभ्र्याला भोक पडलं होतं, कडा तपकिरी. ते भोक साधारण सेल्विनच्या तोंडाच्या उंचीवर होतं. दोघांनीही ते बघितलं.

सेल्विन स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊन बसला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्याने खिशातून तंबाखूचा पाऊच काढला; नळी असली तरी तो त्याच्या खिशातून गेला नव्हता. कागद हातातून निसटत होते तरी त्याने एक सिगारेट वळली, जिभेने चिकटवली, ओठांत धरली. मग सवयीने दुसरी वळली आणि बाजूला धरली. ग्लेनिस असताना तो नेहमी तीन वळायचा, आपल्याला, बायकोला, मेव्हणीला. तिसरी वळायच्या आधी तो थांबला.

ती दुसरी व्हर्नाच्या बोटांत होती. कधी घेतली ते तिला कळलं नाही. बोटांनी घेतली होती. इतकी हलकी, इतकी ओळखीची. तंबाखूचा ओला गोड वास. पायरीवर नळी किटलीसारखी वाजत होती तेव्हा तिच्या अंगात एवढा थंडपणा शिरला नव्हता. टाकी गेली होती. छोट्या वेपमध्ये जळका कापूस होता. आणि लायटर सेल्विनच्या हातात पेटलेला होता.

"सेल्विन," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय."

या वेळी तो हसला नाही. त्याने लायटर बंद केला. तिच्या बोटांतून सिगारेट काढून घ्यायला त्याला जरा जोर लावावा लागला, कारण ती सोडत नव्हती. मग त्याने ती चुरडून कुंडीत टाकली आणि आपल्या ओठांतली, न पेटवलेली, तशीच राहू दिली.

"आत जा," तो म्हणाला. "मी हे आवरतो."

आत टेबलावर वर्तमानपत्र तसंच पसरलेलं होतं. तार, चिमटा, कापसाचं पाकीट. व्हर्ना खुर्चीत बसली. मग तिने पर्समधून छोटा बॉक्स काढला, त्यातली शेवटची कुपी काढली आणि प्रकाशाकडे धरली. आत, तळाशी, काळा पडलेला कापूस दिसत होता. आणि त्या कापसाभोवती एक वेटोळं. होहेपाने शिकवलेल्या वेटोळ्यापेक्षा लहान, पण तेच.

तिने चिमट्याने काळा कापूस ओढून काढला. तार धुतली. बॉक्सवर लावून बटण क्षणभर दाबलं, तेव्हा तार लाल झाली आणि ती खुर्चीसकट मागे सरकली. पण पुन्हा दाबलं. काजळी जळून गेली. मग तिने कापसाची बारीक वात वळली, टोक ओठांनी टोकदार केलं आणि ओवायला लागली. दोनदा वात तुटली. तिसऱ्यांदा ओढताना तार किंचित हलली, वाकली नाही.

वर लिक्विडचे थेंब टाकून ते मुरेपर्यंत तिने होहेपाला फोन केला. रविवारी दुकान बंद असलं तरी तो फोन उचलायचा.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मोठा बॉक्स नव्हता. नळी होती."

होहेपाने लगेच विचारलं, "कोणाला लागलं?"

"नाही. टाकी गेली. अभ्र्याला भोक पडलं."

"सेल्विनकाकांची नळी ना?" त्याने खोल श्वास घेतलेला ऐकू आला. "मावशी, मी ओरडणार नाही. उद्या ओरडेन. तुमच्याकडे आणखी काय आहे?"

"एक छोटा आहे. खेळणं. दिवासुद्धा लागायचा नाही त्याच्यावर."

"कुठला छोटा? तुम्ही नेहमी घेऊन येता तो? अहो, मी ती टाकी तशाच बॉक्ससाठी काढली होती. त्यावर लावली असती आणि काही चुकलं असतं, तर तो नुसता बंद पडला असता. दाखवला का नाही?"

"लाज वाटली," व्हर्ना म्हणाली.

"उद्या तो घेऊन या. तोपर्यंत निभेल ना?"

तिने छोटा बॉक्स तोंडाला लावला. डोळे मिटले, खांदे आक्रसले आणि बटण दाबलं. तार कुरकुरली. वाफ आली, थोडीशी करपट, पण वाफ.

"निभेल असं वाटतं," ती म्हणाली, आणि खिडकीकडे पाहिलं. बाहेर सेल्विन दोरीवरून भोक पडलेला अभ्रा काढत होता. त्याच्या ओठांत ती सिगारेट अजून तशीच होती. मधूनच तो घराकडे बघत होता, आणि व्हर्नाने खिडकी लावून घेतल्यावरच त्याने लायटरसाठी खिशात हात घातला.